ढब्बूचे डोळे

समजा, तुम्ही जेवणाच्या टेबलाखाली बसला आहात. मांडीवर एका कुत्र्याचं डोकं आहे, जड आणि ऊबदार. वर मोठी माणसं बोलताहेत, पण तुम्हाला दिसताहेत फक्त त्यांचे पाय. आणि बोलणं चाललंय ते याच कुत्र्याबद्दल. अशा वेळी काय करायचं? हलायचं नाही आणि कान देऊन ऐकायचं. भिंगरी तेच करत होती.

"म्हाताऱ्या कुत्र्याचा कसला विमा काढायचा?" बाबांचे पाय म्हणाले.

"म्हातारा झालाय म्हणूनच," आईचे पाय म्हणाले. "उद्या एखादं ऑपरेशन निघालं तर आपलं कंबरडं मोडेल."

"अगं, पण त्याला धड दिसत नाही आता. रोज खिडकीतून बघतो ना मी. ताईबरोबर फिरायला निघाला की प्रत्येक पायरीवर थांबतो. रस्त्याच्या कडेला पोचला की पुतळा. काल माझी हत्यारांची पेटी पॅसेजमध्ये राहिली होती, तर हा तिच्यापुढे आडवा उभा. ताई त्याच्यावर पडता पडता वाचली."

टेबलाखाली ढब्बूने मोठी जांभई दिली.

ताई म्हणजे बाबांची मोठी बहीण, भिंगरीची आत्या. तिचं शिवणाचं दुकान होतं. आता पुरे झालं, असं म्हणून तिने ते गेल्या वर्षी बंद केलं. तेव्हापासून ढब्बूला फिरवायचं काम तिचंच.

"जिन्यात तुझ्या पायात आला म्हणजे?" बाबांचे पाय आत्याच्या पायांकडे वळून म्हणाले. "माझ्या मित्राची रोपवाटिका आहे. मोकळी जागा, एक पायरी नाही. तिथे सुखात राहील तो."

भिंगरीने ढब्बूचा कान घट्ट धरला.

"त्याचे डोळे चांगले आहेत," आत्या म्हणाली.

"लाड आवर, ताई."

"त्याला काही झालं तर माझं कसं चालायचं?"

बाबा हसले. "आम्ही काय मेलोय? आणि तुझ्या लाडक्याचं राहू दे, आधी हे सांग. पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने बटण लावलंयस ते काय म्हणून?"

"नवी फॅशन आहे. तुला नाही कळायची."

आई खळखळून हसली. मग आत्या म्हणाली, "भिंगरे, बाहेर ये. त्या विम्याच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचून दाखव बघू. वाचायची सवय राहिली पाहिजे."

आपण टेबलाखाली आहोत हे आत्याला कसं कळतं, हे भिंगरीला कधीच उमगलं नव्हतं. ती बाहेर आली. रोजचं वर्तमानपत्रही आत्या तिच्याकडूनच वाचून घ्यायची, त्यामुळे मोठमोठे शब्द तिला आता अडत नसत.

"आठ वर्षांवरील कुत्र्याची तपासणी आवश्यक," तिने वाचलं. "आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळणार नाही."

"झालं तर," बाबा म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे नेऊ. डोळे बरे निघाले तर विमा काढू आणि ढब्बू इथेच राहील. नाही तर रोपवाटिका."

सकाळी भिंगरीने कापूस ओला करून ढब्बूचे डोळे पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. "नीट बघायचं हं," ती त्याला म्हणाली. "डॉक्टर जे दाखवतील ते सगळं दिसलंच पाहिजे." ढब्बूने तिचं नाक चाटलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रंगाच्या दुकानावर होता. जिना चढताना ढब्बू आत्याच्या पायांशी पायरी पायरीला थांबत होता. बाबांनी मागे वळून भिंगरीकडे पाहिलं. बघितलंस ना, असं ते पाहणं होतं. तिने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला टेबलावर घेतलं. डोळ्यांत बॅटरी मारली. मग त्याच्या नाकापुढून कापसाचा बोळा खाली सोडला. बोळ्याचा आवाज होत नाही, पण ढब्बूची मान त्याच्याबरोबर खाली गेली. दुसरा बोळा उजवीकडे टाकला, मान उजवीकडे. तिसरा त्याने हवेतच पकडला आणि गिळायच्या बेतात होता.

"अरे, सोड की ते," बाई हसत म्हणाल्या. "याच्या डोळ्यांत काही खोट नाही. पायही दणकट आहेत. कोण म्हणालं याला दिसत नाही?"

"मग पायरीवर का थांबतो?" बाबांनी विचारलं.

"ते त्यालाच विचारा."

"काढ रे विमा," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आत्या म्हणाली. "लांबात लांब मुदतीचा काढ."

बाबा डोकं खाजवत कागदांवर सह्या करायला बसले. भिंगरीला आता तिथे थांबवेना. तिने ढब्बूचा पट्टा धरला आणि ती दाराबाहेर आली.

"चल," ती म्हणाली.

ढब्बू सुटलाच. दोन दोन पायऱ्या गाळत, तिला फरफटवत, तो जिना उतरला आणि खाली पोचून शेपटी हलवत उभा राहिला. भिंगरीला हसूही आवरेना आणि दमही. बाबांना हाक मारून हे दाखवावं म्हणून तिने वर पाहिलं.

वर आत्या एकटीच दारातून बाहेर आली होती. एक हात भिंतीवर होता. तिने एक पाय हळूच पुढे सरकवला, काठ चाचपला आणि मागे घेतला. पुन्हा सरकवला. पुन्हा मागे घेतला.

ढब्बूचे कान उभे राहिले. भिंगरीच्या हातातून पट्टा सोडवून तो धावत वर गेला आणि आत्याच्या गुडघ्यांना टेकून आडवा उभा राहिला. मग एक पायरी उतरला. थांबला. आत्याचा पाय खाली आला. दुसरी पायरी. थांबला.

भिंगरी खालून बघत राहिली. मग ती आवाज न करता वर गेली, आत्याच्या दुसऱ्या बाजूला तिला चिकटून उभी राहिली, आणि पुढची पायरी उतरून थांबली.