पट्ट्याला अस्तर

डोळे मिटा आणि एक अंगण समोर आणा. शेणानं सारवलेलं. एका कडेला चार शेळ्या, दुसऱ्या कडेला ऊस, दोन माणसं उंच. अंगण संपतं तिथंच ऊस सुरू होतो. दुपारचे चार वाजलेत, लख्ख ऊन आहे. पण उसाच्या आत बघाल तर तिथं आत्ताच अंधार आहे.

आता अंगणातला कुत्रा बघा. त्याचं नाव चंप्या. त्याच्या गळ्यात रुंद पट्टा आहे आणि पट्ट्यावर बोटभर लांब खिळे, टोकं बाहेरच्या बाजूला. बिबट्या कुत्र्याला मानेला धरून नेतो, म्हणून जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावच्या वस्त्यांवर कुत्र्यांना असा पट्टा घालतात. चंप्याची मान खाजते. तो मागचा पाय उचलतो, खाजवायला जातो आणि खिळा पंजात रुततो. कळवळून पाय खाली ठेवतो. मान झटकतो. पुन्हा पाय उचलतो.

गाय तपासायला आलेले डॉक्टर कुंडलिकराव बॅग बंद करता करता थांबले. त्यांनी जपून पट्टा सोडला. खालची कातडी लाल आणि ओली झाली होती, केस गेले होते, आणि वर काळा चिकट थर होता.

"हे काय लावलंय, ठकूबाई?"

"ट्रॅक्टरचं जळकं ऑईल. खरूज जाती त्यानं."

"खरूज नाही ही. अ‍ॅलर्जी दिसतेय. खिळ्यांची डोकी आतून मानेवर घासतात ना, त्यांचीच असणार. त्यात तुम्ही ऑईलनं कातडी भाजली त्याची. आधी साबणानं धुवा, हे मलम लावा, आणि आठ दिवस मान मोकळी ठेवा. लोखंड कातडीला टेकता कामा नये."

ठकूबाई शेळ्यांकडे बघत होती.

"आठ दिवस," ती म्हणाली. "परवा रामनाथच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. भर दुपारी. त्याला पट्टा नव्हता."

"मग घरात बांधा."

"आन् शेळ्यांपाशी कोण बसंल, तुमी? बसा की. दोन टायमाला च्या देते."

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांची नजर उसाकडे गेली आणि हसणं तिथंच राहिलं. मलमाची ट्यूब त्यांनी ठकूबाईच्या नातीच्या, दहा वर्षांच्या हर्षालीच्या हातात दिली आणि मोटरसायकलला किक मारली.

हर्षालीनं चंप्याला धुतलं. ऑईल सुटायला तीनदा साबण लावावा लागला. मलम लावताना तो हलला नाही, नुसता थरथरत राहिला.

"झालं का? घाल पट्टा," आजी म्हणाली. "मी गवत कापून येते."

"आजे, डॉक्टर नाय म्हणले ना."

"डॉक्टर जुन्नरात ऱ्हातो."

हर्षालीनं पट्टा उचलला. चंप्यानं तो बघितला, आणि आपणहून मान खाली घालून तिच्यापुढं येऊन उभा राहिला. तिच्या हातून पट्टा घातला गेला नाही.

तेवढ्यात उसातून साळुंक्या उठल्या, सगळ्या एकदम. शेळ्यांची तोंडं चघळता चघळता थांबली. चंप्या भुंकला नाही. तो हर्षालीच्या पायांना चिकटून बसला.

आजीनं थोडा वेळ उसाकडे बघितलं. मग खुंटीवरून दुसरा पट्टा काढला. तसाच, खिळ्यांचा, पण माणसाच्या मापाचा. हल्ली उसाच्या कडेला जाणाऱ्या बायका तो घालतात. आजीनं मानेवरचा पदर सोडला आणि हर्षालीला तिची मान दिसली. लाल झालेली. आणि वर तोच काळा चिकट थर.

"आजे, तुलापण खाजतंय?"

"गप."

"मग डॉक्टरला का नाय दाखवलं?"

"ढोरांचा डॉक्टर हाये तो."

"आज गवत ऱ्हाऊ दे ना."

"गाईला काय सांगू? उपास धर म्हणून?"

"मग पाच मिन्टं थांब. दे तो पट्टा."

आजीनं दिला.

हर्षालीनं आतून जुनं सुती लुगडं आणलं, कात्री आणि दाभण आणली, आणि उसाकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली. कापडाची तिहेरी घडी घालून तिनं ती चंप्याच्या पट्ट्याला आतून लावली. गालाला लावून बघितली. खिळ्यांची डोकी अजून लागत होती. आणखी एक घडी घातली आणि शिवलं. मग आजीचा पट्टा घेतला.

शिवून झाल्यावर ती साबण आणि तांब्या घेऊन आजीमागं उभी राहिली. "आधी धू ते." आजी उंबऱ्यावर टेकली. तिनं मान खाली घातली.

चंप्या पट्टा घालून शेळ्यांपाशी जाऊन बसला. आजीही पट्टा घालून, विळा घेऊन निघाली. दहा पावलांवर तिचं लुगडं दिसत होतं, पंधराव्या पावलाला नुसती उसाची पानं हलत होती. मग पानंही हलायची थांबली.

उंबऱ्यावर कापडाचा एक तुकडा उरला होता. हर्षालीनं तो मांडीवर घेऊन घडी घातली. मग दाभणातला दोरा माप घ्यायला आपल्या गळ्याभोवती फिरवला, हनुवटी वर करून दोन्ही टोकं जुळवली, आणि जिथं जुळली तिथं एक गाठ मारली.