डावं भिंग

“पुन्हा तेच!” बसकाकांनी फोटो बघायची डबी डोळ्यांवरून काढली आणि टेबलावर आपटली. “उजवं चित्र आरशासारखं लख्ख. आणि डाव्यावर जणू कुणी वाफ सोडलीय.”

शाळेची बस चालवायचे म्हणून सगळी गल्ली त्यांना बसकाका म्हणायची. यंदा ते आजोबा झाले आणि त्या आनंदात जुन्या बाजारातून एक रशियन कॅमेरा उचलून घेऊन आले. सोव्हिएत काळातला, काळा, विटेसारखा जड. समोर एका ओळीत तीन भिंगं. मधल्यातून बघायचं, कडेच्या दोन्हींतून एकदम दोन फोटो निघायचे. ते डबीत शेजारी शेजारी घालून दोन्ही डोळ्यांनी पाहिले, की आतलं माणूस हात लावावा इतकं उठून दिसायचं. नात रांगायला लागायच्या आत तिचा असा एक फोटो हवा, एवढाच काकांचा हट्ट होता.

कॅमेऱ्यानं त्यांना जेरीस आणलं. भिंगाच्या कड्यावर आकडे कोरलेले होते. दीड, दोन, तीन, पाच असे चढत जाणारे, आणि शेवटी आडवा पडलेला आठ. ते कशाचे आकडे, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. काकांनी ते फूट धरले. नात पाच फुटांवर, म्हणून कडं पाचावर. अख्खा रोल वाया गेला. मग कुणीतरी सांगितलं, अहो, ते मीटर आहेत, आणि आडवा आठ म्हणजे लांबचं, डोंगर-आभाळ. बरं, पण अंतर मोजायचं कुठून? भिंगाच्या तोंडापासून की मागच्या फिल्मपासून? त्या घोळात दुसरा रोल गेला. शेवटी काकांनी शिवणाची टेप आणली आणि कॅमेऱ्याच्या पाठीपासून नातीच्या नाकापर्यंत लावली.

“बाबा, झोपू द्या हो तिला,” लेक वैतागली. “तिला काय शर्ट शिवायचाय?”

त्यानंतर उजवं चित्र सुधारलं. डावं मात्र जागचं हलेना. तिन्ही कडी दात्यांनी एकमेकांत अडकवलेली होती, एक फिरवलं की तिन्ही फिरायची. डावं एखादा दाता मागे राहिलं असणार, असं काकांनी ठरवून टाकलं. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा उघडला, कडी सुटी केली, लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखून आडव्या आठाशी पुन्हा जुळवली. मग तो म्हणाला, “काका, दोन्ही भिंगं सारखी लागतायत. तुमचे आधीचे फोटोही मला सारखेच दिसतात.”

“मग आधी स्वतःचा चष्मा बदल!” असं म्हणून काका तरातरा निघून आले होते.

आणि आज रविवारी दुपारी, नवा रोल धुऊन आल्यावर, पुन्हा तेच.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल ठेवला आणि डबी डोळ्यांना लावली. “मला तर दोन्ही छान दिसतायत. बाई गं, कशी बघतेय लबाड!”

“तुला त्यातलं काय कळतंय?”

काकू एरवी अशा बोलण्यावर गप्प बसल्या नसत्या. आज त्यांनी नुसतीच डबी उघडली, डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला. “आता बघा.”

“डावंच धुरकट.”

“अहो, पण ते मघाचं उजवं आहे.”

“मग ही डबीच बिघडलीय!” काकांना नवा चोर सापडल्याचा जवळजवळ आनंद झाला.

काकूंनी डबी उलटी केली. तिचं डावं भिंग उजवीकडे आलं. फोटो पुन्हा सरळ बसवून त्यांनी ती पुढे केली. या वेळी काकांनी खूप वेळ पाहिलं. धुरकट अजूनही डावंच होतं.

काकू उठल्या. त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपला तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. “माझ्याकडे बघा. कानात काय घातलंय मी?”

काकांना खिडकीची कड दिसली. बायकोचा खांदा दिसला. मधोमध, जिथं तिचा चेहरा असायला हवा होता, तिथं धुराचा एक गोळा होता.

“कधीपासून हो?” काकूंनी तळवा काढत विचारलं.

दोन्ही डोळे उघडे असले की उजवा सगळं निभावून नेत होता. कॅमेऱ्यातही ते उजव्यानंच बघायचे. मग दुखत नाही, खुपत नाही, तर कळणार कसं?

बस हातातून गेली तर या माणसाला सकाळी उठायला कारण उरणार नाही, हे काकूंइतकं कुणाला ठाऊक होतं? मग काकांनीच फोन उचलला आणि बसचा कारभार बघणाऱ्या साहेबांना सगळं सांगून टाकलं. उद्यापासून दुसरा माणूस लावा म्हणाले.

“काका, डोकं फिरलंय का तुमचं?” साहेब पलीकडून खेकसले. “ऐन परीक्षेत मी माणूस कुठून आणू? अहो, एका डोळ्यानं लोक ट्रक चालवतात. एवढा आठवडा ढकला, मग दाखवा डॉक्टरला. कुणाला कळतंय?”

काकांनी डोळे मिटून घेतले.

“साहेब,” ते म्हणाले, “पोरं डाव्या दारानं उतरतात.”