एका जागी बसणारा कॉम्प्युटर

"लॅपटॉप नको," दालिबोर आणि वेस्ना एकदमच म्हणाले, आणि चुकून एकमत झालं म्हणून दोघांचीही तोंडं वाकडी झाली.

दुकानदार गोइकोने बाहेर काढलेला लॅपटॉप परत खोक्यात घातला. त्याने तो भल्यासाठीच सुचवला होता. या दोघांचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. वेस्ना नव्या नवऱ्याबरोबर दुर्लान वस्तीत राहत होती, दालिबोर नदीपलीकडे, नव्या बायकोबरोबर आणि पाळण्यातल्या बाळाबरोबर. निश शहर केवढंसं, इथे सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. त्यांची इस्क्रा एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे राहायची. तिला यंत्र पाठीवर टाकून नेता यावं, एवढाच गोइकोचा हेतू होता.

"लॅपटॉप तिच्याबरोबर फिरत राहील," दालिबोर म्हणाला. "मला एका जागी बसणारा हवा."

"आणि जड," वेस्ना म्हणाली. "उचलायला दोन माणसं लागतील असा."

यामागचं कारण साधं होतं. इस्क्राला नुकतीच पंधरा पूर्ण झाली होती. आमच्याकडे पंधरा वर्षांचं पोर कायमचं कुणाकडे राहायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगतं आणि न्यायाधीश ते मान्य करतात. इस्क्रा येत्या गुरुवारी कोर्टात सांगणार होती. वाढदिवसाच्या केकवर फुंकर मारून ती म्हणाली होती, "जिथे कॉम्प्युटर, तिथे मी." ती बोलली थट्टेत, पण आईबापांपैकी कुणीच हसलं नव्हतं.

गोइकोने आईबापांबरोबर दुकानात आलेल्या इस्क्राला विचारलं, खेळायला हवा की प्रोग्रॅमिंगला. दोन्हीला, ती म्हणाली. खेळायचेही होते आणि स्वतःचे गेम लिहायचेही होते.

"एका म्यानात दोन तलवारी, आणि तेही एवढ्याशा पैशात?" गोइकोने आईबापांकडे बघत टोमणा मारला. तो कुणाला होता, ते तिघांनाही कळलं.

इस्क्रा मात्र तयारी करून आली होती. प्रोसेसर मधला चालेल, ग्राफिक्स कार्ड वापरलेलं चालेल, वाचलेले पैसे मेमरीत घाला, पॉवर सप्लाय तेवढा नवा हवा, नाहीतर एक दिवस सगळंच जळेल. आईबापांनी निम्मे निम्मे द्यायचं ठरवलं होतं आणि त्या आकड्यात हे सगळं नीट बसत होतं.

"वापरलेलं कशाला?" दालिबोर म्हणाला. "नवं कार्ड लावा. वरचे पैसे मी देतो."

"मग मेमरी दुप्पट करा," वेस्ना म्हणाली. "ते माझ्याकडून."

"स्क्रीन मोठा घ्या. माझ्याकडून."

"हिच्या शाळेच्या सहलीला तुझ्या खिशातून दमडी निघाली नव्हती, आणि आज बरा हात सैल सुटलाय."

"तू तरी कुठे स्वतःचे देतेस? नवऱ्याच्या खिशात हात घालून दानधर्म करतेस."

गोइकोला यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे खानावळीत दोन माणसं बिलावरून हातघाईवर येतात ती पैसे चुकवण्यासाठी नाही, समोरच्याला देऊ द्यायचे नाहीत म्हणून. या खुमखुमीला आम्ही इनात म्हणतो. आपलं नाक कापलं तरी चालेल, दुसऱ्याला अपशकुन झाला पाहिजे. असल्या भांडणात दुकानदाराचं नुकसान कधीच होत नाही. त्याने कॉफी ठेवली आणि कॉम्प्युटरची आणखी महाग पेटी काढून दाखवली.

पण माणूस तसा सरळ होता. दालिबोरला त्याने बजावलं की हे नवं कार्ड तापलं की पंखे घरघरतात, लहान बाळ असलेल्या घरात झोपमोड होईल.

"घरघरू देत," दालिबोर म्हणाला.

वेस्नाला त्याने सांगितलं की हे यंत्र वीज मरणाची खातं. तिचा नवरा जिन्यातला दिवासुद्धा मालवत फिरतो, हे दुर्लानमध्ये कुणाला माहीत नव्हतं?

"खाऊ दे," वेस्ना म्हणाली. "खुर्चीही द्या. चांगली गुबगुबीत, तासन्‌तास बसता येईल अशी."

इस्क्राला लाज वाटत होती. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. ती आईला हळूच म्हणाली की एवढं नको, मी सांगितलेलं पुरे आहे. आईने ऐकलं नाही. बापाने तर ध्वनिवर्धकांची जोडीही वर ठेवली. खरं सांगायचं तर लाजेच्या खाली तिला बरंही वाटत होतं. चार वर्षं ती पिशवी घेऊन पूल ओलांडत होती, आणि आपण कुणाला एवढे हवे आहोत हे तिला आज पहिल्यांदाच दिसत होतं. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याचं मन मोडणार, हेही तिला कळत होतं. मनातल्या मनात तिने दोघांनाही माफ करून टाकलं.

पैसे मोजून झाले. दोघांनीही ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिले होते. खोक्यांचा ढीग दाराशी रचून गोइकोने हात झटकले. गाडी आत्ताच निघेल, दुकानातली पोरं वर चढवून जोडूनही देतील, तो म्हणाला.

"फक्त कुणाकडे न्यायचं तेवढं सांगा."

इस्क्राने श्वास रोखून दोघांकडे पाहिलं. दोघांनीही एकदमच समोर बोट दाखवलं.

"याच्याकडे," वेस्ना म्हणाली.

"हिच्याकडे," दालिबोर म्हणाला.