जांभळा कुठे संपतो

"हा तिसरा डबा परत आला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक म्हणतंय, फिकट जांभळा मागितला होता, भिंत निळीच झाली."

रंगवाल्याने डब्यात काडी बुडवून उजेडात धरली.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून बाई नवऱ्याच्या रंगाच्या दुकानात बसत. रंग तो कालवायचा. पण त्याच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाल्यापासून झाकण लावण्याआधी त्या स्वतः नजर टाकत आणि निळा कमी वाटला तर चार थेंब घालून सावरून घेत. तरी डबे परत येतच होते. असंच चाललं तर त्याच्या हातून कालवायची काडी काढून घ्यावी लागणार होती. ते दुःख त्यांना बघवलं नसतं.

डोळे दाखवून या, म्हणून सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"पुरावा हवा ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "देते."

चपलांचं खोकं, दोन ब्लेड, काळी चिकटपट्टी, जुनी सीडी. ब्लेडांमधल्या फटीतून ऊन आत शिरणार, सीडीवर आपटणार आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर रंगांचा पट्टा उमटणार. खोकं कापायला रंगवाला हौसेने पुढे.

"स्वतःच्याच खटल्याला एवढा उत्साह?" बाई हसल्या.

"वकीलच घरची आहे. आधी तू बघ."

बाईंनी डोळा लावला. लाल, पिवळा, हिरवा, निळा. जांभळा संपला तिथे कागदात टाचणी टोचली. मग त्याने पाहिलं. त्याची टाचणी बोटभर पलीकडे गेली.

"अहो, तिथे काही नाहीये. नुसता काळोख आहे."

"मला तर दिसतोय."

"नाही ते दिसायला लागलं तुम्हाला," असं म्हणून बाई स्टुलावर बसल्या. जिंकल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी त्यांचे डोळे भरून आले. एवढा जीव होता त्यांचा या हट्टी माणसावर.

रंगवाला त्या दोन टाचण्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"चल," तो म्हणाला. "जाऊ दवाखान्यात. पण तू बरोबर हवीस."

"दवाखान्याच्या पायरीवरच मला घाम फुटतो, माहीत आहे ना?"

"मलाही फुटतो. दोन भित्रे मिळून एक धीट होईल."

बाई तयार झाल्या. त्याच्यासाठी त्या कुठेही गेल्या असत्या. वाटेत त्यांनी त्याचा हात सोडला नाही, आणि तपासणीच्या खोलीत शिरताच डॉक्टरीणबाईंना बजावलं, "नीट तपासा यांना. फार हट्टी आहेत."

डॉक्टरीणबाईंनी रंगवाल्याकडे पाहिलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आपण मागे उभा राहिला.

"काकांचे डोळे गेल्याच महिन्यात तपासलेत, ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा, काकू."