जास्तीचा ग्लास

द्राक्षमळा सेंद्रिय केला आणि धाकट्याच्या वाइनला दुप्पट भाव आला. चव घ्यायला आलेल्या पाहुण्यांना तो छाती फुगवून सांगत होता, "आमच्या वेलींवर औषधाचा थेंब पडत नाही!"

"हे सुचलं कसं हो तुम्हाला?" एका बाईंनी विचारलं.

"आपलं डोकं, दुसरं काय!"

थोरला भाऊ वारल्यापासून ग्लास भरायचं काम वहिनीकडे होतं. तिने आजही त्याच बाटलीतून एक जास्तीचा भरला.

"वहिनी, रोज एक फुकट जातो हो!"

"ह्यांचा आहे तो, भाऊजी. औषध फवारून फवारून ह्यांची छाती निकामी झाली, तेव्हा कुठे तुम्हाला सुचलं."

पाहुण्यांसमोर हसण्यावारी नेत धाकट्याने तो ग्लास उचलून नाकाशी धरला.



आतल्या वाइनला फवारणीच्या औषधाचा वास येत होता.