आपणहून

आरएनएचा एक तुकडा साखळीतून स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडतो आणि जाता जाता मागची दोन टोकं एकमेकांना जोडून देतो, यावर मी अंधेरीच्या एका कॉलेजात पीएचडी करतेय. तो हे आपणहून करतो, त्याला कुठलंही प्रथिन मदत करत नाही, एवढं सिद्ध करायला माझी तीन वर्षं गेली.

पेपर जर्नलकडे गेला तेव्हा त्यावर तीन नावं होती. पहिलं निहारचं, मधलं माझं, शेवटचं आमचे गाईड विद्याधर सरांचं. निहार म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. लॅबमध्ये तो फक्त चहाला यायचा.

काल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "संघमित्रा, निहारला परदेशात अर्ज करायचाय. दोनच नावं असली की वजन पडतं गं. तुझं नाव काढायला जर्नलला तुझीच संमती लागते, तेवढा फॉर्म भरून टाक ना."

"सर, काम सगळं मी केलंय."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण तुझ्या थिसिसवर माझी सही व्हायचीय अजून."

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला बसले. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. शेवटचा प्रश्न होता, 'नाव काढण्यासाठी आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?'

 

मी लिहिलं, "नाही. यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही."