मालकाच्या नावाचं रक्त

फोन स्पीकरवर होता आणि बीडचे डॉक्टर नेहमीपेक्षा सावकाश बोलत होते.

“रिपोर्ट चांगला नाही, सुंदरराव. लिव्हरचे एंझाइम दुपटीच्या वर गेलेत, प्लेटलेट उतरल्यात, रक्तात विषाणूही भरपूर आहेत. तुमचं वय धरून हिशेब केला तर लिव्हर कडक होत चाललंय असं दिसतं. उद्याच या, सोनोग्राफी करू. घाबरून जाऊ नका. रोजची एक गोळी सुरू केली तर अजून वेळ गेलेली नाही. अंगावर काढलंत तर मात्र पुढे माझ्या हातात काही राहणार नाही. आणि घरच्यांचं रक्तही एकदा तपासून घ्या. कपबशीनं हे पसरत नाही, पण रेझर कुणाचा कुणी वापरायचा नाही. बारा वर्षांपूर्वीच सांगितलंय मी.”

“बरं,” म्हणून सुंदररावांनी फोन ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. मग काहीतरी आठवलं आणि ते एकदम हसायला लागले. पोट धरून हसले.

“आवं, हसता कावून?” मुक्ताबाई रडकुंडीला आल्या होत्या.

“अगं, ते रक्त माझं कुठं हाय? हरिबाचं हाय!”

तेव्हा कुठे मुक्ताबाईंच्याही जिवात जीव आला.

सुंदरराव दूध संघाचे अध्यक्ष. रक्तातल्या काविळीचे जुने रोगी, तरी संध्याकाळची बाटली काही सुटत नव्हती. संघाची निवडणूक तोंडावर आली तशी विरोधातल्या मोहनरावांनी चारा छावणीत आवई उठवली, की अध्यक्षांचं लिव्हर संपलंय, पुढचा दुष्काळ बघायला हा गडी राहत नाही. मग सुंदररावांनी शक्कल लढवली. भर सभेत ताजा रिपोर्ट वाचून दाखवायचा, आणि रक्त द्यायचं त्यांच्याच वयाच्या हरिबानं. हरिबा छावणीवर त्यांची जनावरं सांभाळायचा. गळ्यात नारायणगडावरून आणलेली माळ, जन्मात कधी दारूला शिवलेला नाही. लॅबचा नवखा माणूस घरी आला, तेव्हा मालकाचा इस्त्रीचा सदरा घालून हरिबालाच आरामखुर्चीत बसवलं होतं.

“मग हरिबाला सांगायला पाहिजे,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“काय सांगू? माझ्या नावाच्या रिपोर्टात तुझा रोग निघाला म्हणून? त्यानं छावणीत तोंड उघडलं म्हंजी? मोहनरावाला तेच पाहिजे.”

“गोळीनं वाचंल म्हणतेत की डॉक्टर.”

“इलेक्शन झाल्यावर बघू. उद्या आपल्या ड्रायव्हरचं रक्त काढू. बंकट तोंडाचा घट्ट हाय.”

दारात वहाणा वाजल्या. हरिबाच आला होता. उंबऱ्याशी टेकून त्यानं आधी दम खाल्ला.

“मालक, रिपोर्ट आला का? माझं रक्त कसं निघालं?”

“लई भारी,” सुंदरराव म्हणाले. “डॉक्टर म्हणले, असलं रक्त उभ्या बीडात बघितलं न्हाई.”

इतक्या सहज तर ते संघाच्या सभेतही खोटं बोलत नसत.

हरिबाचा चेहरा उजळला. “बरं झालं बगा. दोन महिनं झालं, चाऱ्याची पेंडी उचलली की जीव घाबरा व्हतो. सांजंला पाय सुजत्यात. घरवाली कडूबाई रोज मागं लागती, बीडला दाखवा म्हणून. उद्या जायाचं ठरवलं व्हतं आमी. आता कशाला? तुमच्या डॉक्टरानंच बघितलं, आणखी कुणाला दाखवायचं?”

मुक्ताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मुक्ताबाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. त्या आत गेल्या आणि फुलाफुलांच्या कपातून हरिबाला चहा घेऊन आल्या. हरिबानं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि कप विसळायला उठला.

“धुऊ नका,” मुक्ताबाई घाईनं म्हणाल्या. “कप तुमच्याकडंच ठिवा.”

तोच आजार असलेला त्यांचा नवरा बारा वर्षं घरातल्या कपांतून चहा पीत होता, आणि कपबशीनं काही होत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच पटवून देत.

हरिबाला मात्र गहिवरून आलं. “किती द्यावं माणसानं, मालकीण! धोतर तुमचं, वहाणा तुमच्या. मालकानं नवा रेझर आणला की जुना ब्लेडासकट माझ्या हातावर ठिवता. आज बी त्यानंच दाढी केली, बगा.” त्यानं गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला.

बाहेर रस्त्यावर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला.

“जनावरं तान्हेली असतील,” म्हणत हरिबानं कप उपरण्यात जपून गुंडाळला. दारातून तो पुन्हा वळला. “मालक, रक्त आणखी लागलं तर सांगा. लाजू नका.”

सुजल्या पायांनी तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मुक्ताबाई पदर तोंडावर धरून उभ्या होत्या.

“घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून जुना रेझर मीच त्याला देत व्हते वं,” त्या म्हणाल्या. “एवढ्या वर्सांपासून मीच देत व्हते.”

सुंदरराव विचारात पडले. कपाळाला आठ्या चढल्या, ते उठून दारापर्यंत गेले. मुक्ताबाईंना वाटलं, आता हाक मारतील.

“काय गं,” ते वळून म्हणाले, “बंकटला आजवर आपण काय काय दिलंय?”